हलणारे बाहुले आणि पाहणारे कासव : घरगुती यंत्रमानवाचा पहिला पाठ

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यातील गावोगावी नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे त्यांचे दहन होते, हे येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. बांबूचा सांगाडा, वाळलेले गवत, रद्दी कागद, रंग आणि मुखवटा एवढ्या साहित्यावर पूर्वी हे काम भागत असे. अलीकडच्या काळात मात्र त्यात हालचालीची भर पडली आहे. मान वळविणारा, तलवार उगारणारा, डोळे मिचकावणारा नरकासुर आता स्पर्धांतून पाहावयास मिळतो आणि त्यामागची सारी यंत्ररचना गावातील तरुणांनीच घरी बसून केलेली असते.

काही वर्षांपूर्वी अशा एका नरकासुराच्या पोटात प्रस्तुत लेखकाने डोकावून पाहिले. आत मोटारगाडीच्या वायपरची जुनी मोटर होती, १२ व्होल्टची. तिच्या दांड्यावर पोलादी पट्टीची एक वीतभर भुजा घट्ट बसविलेली होती आणि भुजेच्या टोकापासून एक लांब पट्टी थेट खांद्यापर्यंत नेलेली होती. मोटर एकाच दिशेने फिरत राही, पट्टी खालीवर होई आणि तलवारीचा हात उगारला जाऊन पुन्हा खाली येई. प्रवाह बंद केला तरी तो जड हात आपल्या वजनाने कोसळत नव्हता. जेथे थांबला तेथेच राहत होता. असे का होते, म्हणून मी विचारले. एका मुलाने उत्तर दिले, "सर, ही मोटर आतून फिरते, बाहेरून फिरवायला गेलो तर फिरत नाही." वायपरच्या मोटरीत मळसूत्री दंतचक्र असते, त्यामुळे वेग कमी होऊन जोर वाढतो आणि बाहेरच्या भाराने चक्र उलटे फिरत नाही. पुस्तकातील हे वर्णन त्या मुलाने वाचलेले नव्हते, परंतु त्याचा अर्थ त्याच्या हाताला ठाऊक होता. हाच मुलगा शाळेत विज्ञान विषयात दोन वेळा अनुत्तीर्ण झालेला होता आणि त्याला तो विषय शिकविणारा शिक्षक मीच होतो.

त्याच सुमारास आमच्या शाळेच्या कपाटात यंत्रमानव तयार करण्याच्या साहित्याची एक सुबक पेटी होती. ती हरवू नये म्हणून कुलपात, आणि किल्ली हरवू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या खणात, अशी तिची व्यवस्था होती. दोन पावसाळ्यांनंतर ती उघडली तेव्हा आतील विद्युतघट फुटून त्यांचा क्षार सांध्यांवर पसरला होता व पितळी पट्ट्या हिरव्या पडून झिजल्या होत्या. पेटीतील एकही मोटर कधी फिरली नव्हती. गावात वायपरची मोटर फिरत होती, शाळेतील मोटर गंजत होती. या लेखात जो पाठ दिला आहे तो त्या अनुभवानंतर आम्ही मुलांबरोबर बसून केला. त्यासाठी पेटीची गरज लागत नाही.

बाहुले आणि यंत्रमानव यांतील फरक

यंत्रमानव हा शब्द उच्चारताच मनुष्याकृती पुतळा डोळ्यांसमोर येतो. मूळ शब्द 'रोबो' हा चेक भाषेतील; कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या एका नाटकाद्वारे तो जगभर पसरला आणि त्याच्या मुळाशी 'वेठ' या अर्थाचा शब्द आहे. परंतु आकृतीला येथे महत्त्व नाही. आमचा नरकासुर मनुष्याकृती होता, तरीही तो यंत्रमानव नव्हता, कारण समोर माणूस असो वा नसो, पाऊस पडो वा न पडो, त्याचा हात तेवढ्याच वेळात तेवढाच उचलला जाई. त्याला भोवतालचे काही कळत नव्हते. ज्या क्षणी एखादे यंत्र बाहेरची एखादी गोष्ट, मग ती प्रकाश असो, ओल असो वा स्पर्श, टिपून घेते व त्यानुसार आपली हालचाल बदलते, त्या क्षणी ते बाहुले राहत नाही. टिपणारा अवयव, हलणारा अवयव आणि या दोहोंना जोडणारी तार, एवढीच यंत्रमानवाची सामग्री होय. तिन्हींपैकी तार सर्वांत स्वस्त असते, आणि यंत्राचा स्वभाव तिच्यातच दडलेला असतो, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

ब्रिस्टलची कासवे

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेत विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे शास्त्रज्ञ होते. मेंदूतील विद्युत्‌लहरींचा अभ्यास हे त्यांचे मुख्य कार्य. मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. परंतु प्राण्याच्या वर्तनातील विविधता पेशींच्या संख्येतून येते की त्यांच्या परस्परांतील जोडण्यांतून, हा प्रश्न त्यांना पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९४८-४९ या काळात दोन लहान यंत्रे तयार केली. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. पाठीवर कवच आणि चाल मंद, म्हणून लोक त्यांना कासवे म्हणू लागले.

या कासवाच्या अंगी दोनच इंद्रिये होती : प्रकाश टिपणारी एक फोटोसेल आणि कवचाला धक्का लागताच जुळणारा एक संपर्क. दोन मोटरी होत्या : एक चालविण्याची व एक पुढचे चाक वळविण्याची. मेंदूच्या जागी रेडिओत असत तशा दोन निर्वात नलिका. दंतचक्रे जुनी घड्याळे आणि गॅसमीटर यांतून काढलेली. या कामात त्यांच्या पत्नी विव्हियन यांनी हात दिला होता.

त्याची रचना सांगण्यासारखी आहे. फोटोसेल पुढच्या चाकाच्याच दांड्यावर बसविलेली होती. त्यामुळे चाक जिकडे वळे तिकडेच डोळा पाही. अंधारात वळविणारी मोटर सतत फिरत राही, म्हणजे कासव गिरक्या घेत चहूकडे शोधक नजर फिरवीत पुढे सरके. प्रकाश दिसला की वळविणारी मोटर थांबे आणि कासव सरळ प्रकाशाच्या रोखाने निघे. दिव्याच्या फार जवळ गेल्यावर, म्हणजे प्रकाश फारच प्रखर झाल्यावर, वळण्याची क्रिया पुन्हा सुरू होई व कासव बाजूला होई. बॅटरी उतरू लागली म्हणजे नलिकांची संवेदनक्षमता घटे. तेव्हा जो दिवा आधी डोळ्यांना सोसत नसे तो सोसू लागे, आणि कासव प्रखर दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात थेट शिरून तेथे बॅटरी भरून घेई. भूक लागलेले जनावर सांजवेळी गोठ्याकडे वळते, तसाच हा प्रकार. प्रत्यक्षात भूक नाही, गोठ्याची आठवणही नाही. केवळ एका नलिकेचा कमी झालेला जोर.

१९५० साली 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात वॉल्टर यांनी या कासवांची हकिकत प्रसिद्ध केली. १९५१ साली लंडनमध्ये भरलेल्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या प्रदर्शनासाठी नवी कासवे तयार करण्यात आली आणि त्यांतील एक पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करण्यात आले. त्या वेळी संगणक खोलीभर असे. ज्या गोष्टीस खोलीभर यंत्र लागेल असे विद्वानांस वाटत होते, ती घड्याळाच्या चाकांवर आणि दोन नलिकांवर भागली.

आज निर्वात नलिका मिळणे दुर्मिळ आहे, पण तिचे काम करणारा ट्रान्झिस्टर काही रुपयांत मिळतो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

हात बसण्यासाठी : टाकीची घंटा

एकदम चाकांच्या मागे लागू नये. ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे हाताला कळावे, यासाठी प्रथम एक उपयुक्त लहान वस्तू करावी. गच्चीवरील टाकी भरून वाहू लागते आणि घरात कोणास पत्ता नसतो, ही तक्रार घरोघरी आहे. त्यावर उपाय असा. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर घ्यावा. त्याची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता डावीकडून अनुक्रमे कलेक्टर, बेस व एमिटर हे पाय येतात. ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक बझरच्या एका टोकास व टाकीत सोडलेल्या एका तारेस जोडावे. बझरचे दुसरे टोक कलेक्टरला. टाकीतील दुसरी तार १० किलोओहमच्या रोधामधून बेसला. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकास. दोन्ही तारांची उघडी टोके टाकीच्या काठाखाली चार बोटांवर ठेवावीत. पाणी तेथपर्यंत चढले की पाण्यातून अत्यल्प प्रवाह बेसकडे जातो, आणि ट्रान्झिस्टर त्याच्या शंभर-दोनशे पट प्रवाह बझरमधून वाहू देतो.

मुलांच्या हाती ही वस्तू दिल्यावर त्यांनी आपणहून काढलेल्या दोन शोधांची येथे नोंद करतो. विहिरीच्या पाण्यात घंटा खणखणीत वाजते, पागोळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्यात मात्र क्षीण होते. कारण पावसाच्या पाण्यात क्षार फार थोडे. दुसरे असे की, तांब्याच्या तारेचे धन टोक काही आठवड्यांतच झिजून हिरवे पडते. तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले असता ते पुष्कळ दिवस टिकतात. ही घंटा पंपाच्या विजेला कोणीही जोडू नये; तिचे काम हाक मारण्यापुरते आहे, पंप बंद करण्यास माणसाने जावे.

दोन डोळ्यांची गाडी

आता मुख्य पाठ. लागणारे साहित्य असे : ६ व्होल्टपर्यंत चालणाऱ्या, दंतचक्रे बसविलेल्या दोन लहान मोटरी, त्यांची चाके, टिप १२२ या जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन एल.डी.आर.; १० किलोओहमचे दोन प्रिसेट; २२० ओहमचे दोन रोध; १एन ४००७ जातीचे दोन डायोड; चार पेन्सिल सेल व त्यांची डबी; एक बटण; आणि सुमारे १५ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असा प्लायवुडचा तुकडा. जुन्या डी.व्ही.डी. संचात तबकडीचा खण पुढेमागे सरकविणारी मोटर असते, ती तिच्या दंतचक्रांसह या कामी उत्तम. कॅसेट टेपरेकॉर्डरची मोटर मात्र घेऊ नये. गाण्याचा वेग कायम राहावा म्हणून बहुधा तिच्या आत वेगनियंत्रक बसविलेला असतो. ती कमी-अधिक प्रवाहाला दाद देत नाही आणि उलटीही फिरत नाही. आम्ही तिच्यावर एक रविवार वाया घालविला. तसेच ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बझरला पुरते, पण मोटरी काही मिनिटांतच तिचा दम काढतात.

एल.डी.आर. म्हणजे प्रकाशानुसार बदलणारा रोध. अंधारात त्याचा रोध काही लाख ओहम किंवा त्याहूनही अधिक असतो; खोलीतल्या उजेडात तो काही हजारांवर येतो; आणि विजेरीचा झोत पडताच काही शेकड्यांपर्यंत उतरतो. शक्य असल्यास मल्टीमीटर लावून मुलांना हे आकडे प्रत्यक्ष पाहू द्यावेत. हाताची सावली पडताच काटा सरकताना पाहिला म्हणजे रोध या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

जोडणी दोन्ही बाजूंस सारखीच आहे, म्हणून एका बाजूची सांगतो. बॅटरीचे धन टोक मोटरीच्या एका टोकास व एल.डी.आर.च्या एका पायास जोडावे. एल.डी.आर.चा दुसरा पाय प्रिसेटमधून ऋण टोकाकडे न्यावा, आणि एल.डी.आर. व प्रिसेट जेथे मिळतात त्या सांध्यापासून २२० ओहमच्या रोधातून ट्रान्झिस्टरच्या बेसकडे एक तार न्यावी. टिप १२२ ची छापील बाजू आपल्याकडे धरली असता डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर असा क्रम येतो. म्हणजे बीसी ५४७ पेक्षा निराळा. येथे घाईने चूक होते. कलेक्टर मोटरीच्या दुसऱ्या टोकास व एमिटर ऋण टोकास जोडावा. मोटरीच्या दोन टोकांवर डायोड आडवा टाकावा, त्याची पांढरी पट्टी धन टोकाकडे असावी. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यातून जो उलट झटका येतो त्यास हा डायोड वाट करून देतो. नाही तर तो झटका ट्रान्झिस्टरला सोसावा लागतो. टिप १२२ च्या पाठीवरील धातूची पट्टी आतून कलेक्टरलाच जोडलेली असते, म्हणून दोन ट्रान्झिस्टरांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटू देऊ नयेत.

मोटरी प्लायवुडच्या मागील भागी दोन बाजूंस बसवाव्यात. पुढे तिसऱ्या चाकाऐवजी बाटलीचे गुळगुळीत झाकण उपडे चिकटविले तरी चालते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते अडते, फरशीवर सुरेख सरकते. दोन्ही डोळे पुढच्या कोपऱ्यांवर, किंचित बाहेरच्या बाजूस तोंड करून बसवावेत आणि प्रत्येकावर काळ्या कागदाची बोटभर नळी चढवावी. नळीवाचून दोन्ही डोळ्यांना सगळीकडचा प्रकाश सारखाच दिसतो आणि गाडीस दिशा कळत नाही. बैलाच्या डोळ्यांवरील झापडीचे येथे नेमके उलट कार्य आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, उजव्या डोळ्याचा ट्रान्झिस्टर डाव्या मोटरीस व डाव्या डोळ्याचा उजव्या मोटरीस जोडावा. उजवीकडून प्रकाश आला की उजवा डोळा डाव्या चाकास वेग देतो. डावे चाक पुढे गेले की गाडी उजवीकडे, म्हणजेच प्रकाशाकडे वळते. दोन्ही डोळ्यांस सारखा प्रकाश मिळू लागला की ती सरळ धावते.

न चालणारी गाडी

पहिल्या प्रयत्नात गाडी चालली तर शिक्षकाने थोडे वाईट वाटून घ्यावे. आमच्या सहा गाड्यांपैकी पहिल्या दिवशी एकच चालली आणि त्या गटाची मुले सर्वांत कमी शिकली. उरलेल्या पाचांचे दोष शोधण्यात दोन शनिवार गेले. एक गाडी मागे मागे जात होती. मोटरीची टोके अदलाबदल करताच सरळ झाली. एक गाडी भोवऱ्यासारखी गरगरत राही. तिच्या एका प्रिसेटचा मध्यला पाय सुटला असल्याने ती बाजू सदैव चालू होती. दोन गाड्या खोलीच्या नुसत्या उजेडातच धावू लागत. त्यांचे प्रिसेट कमी रोधाकडे फिरविल्यावर त्या विजेरीची वाट पाहू लागल्या. एकाच पुडीतून घेतलेले दोन एल.डी.आर.सुद्धा सारखे नसतात. म्हणून दोन्ही बाजूंचे प्रिसेट वेगवेगळे जुळवावे लागतात आणि त्यासाठीच ते ठेवलेले आहेत.

पाचवी गाडी कोणालाच दाद देईना. जोडणी तीनदा तपासली, आकृतीशी ताडून पाहिली, सेल बदलले. शेवटी वर उल्लेखिलेला विद्यार्थी आला. त्याने आकृतीकडे पाहिलेदेखील नाही. प्रत्येक सांध्याची तार तो नखाने हळूच हलवून पाहू लागला, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाला, "सर, हे ड्राय सोल्डर." वरून चकचकीत न दिसता करडा व दाणेदार दिसणारा तो डाग तारेला धरून बसल्यासारखा भासत होता, पण आत पोकळी होती. तारेला पुरेशी उष्णता न देता नुसते कथील वितळवून वर टाकले की असे होते. तारा आधी तापवावयाच्या आणि मग कथील लावावयाचे, हे त्याने त्या दिवशी वर्गाला करून दाखविले. मी बाजूला उभा राहून पाहिले.

गाडीची परीक्षा भर दुपारी अंगणात घेऊ नये. तेथे दोन्ही डोळे प्रकाशाने भरून जातात व गाडी कोणतीही निवड न करता सरळ सुटते. सायंकाळी ओसरीवर, दिवे मंद करून, विजेरी जमिनीलगत धरून ती हळूहळू बाजूस न्यावी.

तार ओलांडली, स्वभाव बदलला

गाडी प्रकाशामागे नीट धावू लागली म्हणजे दोन्ही मोटरींच्या तारांची अदलाबदल करावी : उजवा डोळा उजव्या चाकास, डावा डाव्या चाकास. दुसरे काहीही बदलू नये. आता उजवीकडून झोत येताच उजवे चाक वेग घेते आणि गाडी डावीकडे वळून पळ काढते. अंधारा कोपरा गाठला की तिची चाके थंडावतात. आमची गाडी बाकाखाली जाऊन बसली आणि विजेरी दाखवून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला तसतशी अधिकच आत शिरली. "भित्री झाली" असे एक मुलगी म्हणाली. तिला ठाऊक नव्हते, पण व्हॅलेंटिनो ब्रायटनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या 'व्हेइकल्स' या पुस्तकात अगदी अशाच दोन काल्पनिक गाड्यांचे वर्णन केले आहे आणि त्यांतील पळणाऱ्या गाडीस 'भय' व धावून जाणारीस 'आक्रमण' अशी नावे दिली आहेत. बाहेरून वर्तन पाहून आतील यंत्रणेचा तर्क करू गेल्यास आपण ती आहे त्याहून फार गुंतागुंतीची समजतो, हे त्यांचे म्हणणे होते. सांध्यांच्या दोन तारा एवढाच येथे भय आणि धिटाई यांतील भेद आहे. वर्गात या विषयावर एक तास बोलू द्यावे. विज्ञानाच्या तासाला मुले मांजराबद्दल, डासांबद्दल आणि दिव्यावर झेपावणाऱ्या पाखरांबद्दल बोलू लागतील. त्यांस अडवू नये.

सावधगिरीच्या गोष्टी

नरकासुर उभारणीच्या काळात एका सायंकाळी ओल्या बांबूवर शोभेच्या दिव्यांची माळ चढविताना एका मुलास विजेचा धक्का बसला. माळेची तार एका जागी सोललेली होती आणि पाऊस नुकताच थांबला होता. मुलगा फेकला गेला म्हणून वाचला. हात तारेला धरून राहिला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. मी त्या वेळी पाच पावलांवर उभा होतो व मुखवट्याचे कौतुक करीत होतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की, घरातील २३० व्होल्टची वीज या छंदात येणार नाही. १२ व्होल्टची बॅटरी ही शेवटची मर्यादा. गवत आणि फटाके यांपासून बॅटरी व तिचे सांधे दूर, पत्र्याच्या डब्यात असावेत. कारण ठिणगीस व्होल्टेजची फारशी पर्वा नसते.

भंगारातून वस्तू काढताना जुन्या दूरचित्रवाणी संचाची पिक्चर ट्यूब आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांस मुळीच हात लावू नये. प्लग काढून ठेवल्यावरही त्यांच्या आत प्राणघातक विद्युत्‌भार साठून राहू शकतो. मोबाइल फोनच्या फुगलेल्या बॅटऱ्या टोचू अथवा उघडू नयेत, त्या पेट घेतात. सोल्डरिंगच्या कथिलात पुष्कळदा शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज खाऊच्या डब्यास हात लावू देऊ नये.

पुढील वाट

ज्यांस पुढे जावयाचे असेल त्यांच्यासाठी वाटा पुष्कळ आहेत. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो हा छोटा संगणक-फलक आता सर्वत्र मिळतो आणि तारा न बदलता केवळ सूचना बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो. गोवा शासनाने २०२१ साली शाळांतून संगणक-आज्ञा व यंत्रमानवशास्त्र शिकविण्याची 'केअर्स' ही योजना सुरू केली, तिच्यामुळे या विषयास वेळापत्रकात जागा मिळाली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकण्याची जी पद्धत तेथे रुजली, तिच्यामुळेच अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने २००२ साली त्या खेड्यात फॅब लॅब उभी राहिली. पुण्याच्या आयुका या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी सिद्ध करून दाखविली; सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमलच्या तारेचे वेटोळे यांची मोटर त्यांच्यामुळे असंख्य मुलांनी केली आहे. तरीही माझे मत असे की, आर्डुइनो हाती घेण्यापूर्वी एकदा तरी तारा हाताने ओलांडून पाहाव्यात. सूचना बदलली की काय बदलले हे डोळ्यांना दिसत नाही, तार दिसते.

त्या वर्षीच्या नरकासुरात मुलांनी एक बदल केला. मान फिरविण्यासाठी वायपरची आणखी एक मोटर लावली होती. ती मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी वळत राही. मुखवट्याच्या उजव्या डोळ्यात काळ्या नळीसह एक एल.डी.आर. बसविण्यात आला आणि त्याच्या ट्रान्झिस्टरवर १२ व्होल्टचा एक रिले. डोळ्यावर प्रकाश पडला की रिले ओढला जाई व त्याचा एरवी जुळलेला संपर्क सुटून मानेची मोटर थांबे. म्हणजे एल्सी कासवाचीच युक्ती : अंधारात शोधत राहा, प्रकाश दिसताच तेथे स्थिर हो. मुलांनी ती गाडीच्या वेळी ऐकलेल्या गोष्टीतून उचलली होती, हे मला नंतर कळले. रिले आणि बॅटरी पायाशी, गवतापासून दूर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती.

रात्री अकराच्या सुमारास परीक्षक आले. त्यांच्यापैकी एकाने सहज मुखवट्यावर विजेरी टाकली. नरकासुराची वळत असलेली मान थांबली आणि तो त्यांच्याकडे पाहत राहिला. विजेरी विझली, मान पुन्हा फिरू लागली. परीक्षकांनी आणखी चार वेळा विजेरी लावून पाहिली. मग मागे जमलेल्या लहान मुलांनीही आपापल्या विजेऱ्या काढल्या आणि नरकासुराची मान पहाटेपर्यंत काही धड फिरली नाही.

दहनाच्या आधी तोच विद्यार्थी शिडी लावून वर चढला. त्याने दोन्ही मोटरी व डोळ्यातील एल.डी.आर. सोडवून खाली दिले. मोटरी रॉकेलने पुसून, ग्रीस लावून डब्यात भरण्यात आल्या आणि डब्यावर पुढील वर्षाचा आकडा घालण्यात आला. हा डबा शाळेच्या त्याच कपाटात असतो. किल्ली आता कपाटालाच लावलेली असते.